शेरा कोणाच्या हस्ते?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत खडेबाजार, रविवार पेठ, गणपत गल्ली या भागांतील बहुतेक पेढ्यांवर लाल कापडी बांधणीच्या वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. दिवाळीस वहीपूजन यथासांग होते. परंतु पूजेस मांडलेली वही पुष्कळ ठिकाणी वर्षभर कोरीच राहते आणि खरा हिशेब पडद्यावर चालतो. या बदलाबद्दल आमची तक्रार नाही. ताळा जमविण्यात ज्या रात्री पूर्वी जात असत त्या आता घरच्या मंडळींत जातात, हा लाभ लहान नव्हे. मात्र वही गेली तेव्हा तिच्याबरोबर एक शिस्तही नकळत गेली. ती परत आणण्यास फार खटपट पडत नाही असे आमचे मत आहे, आणि ते सभासदबंधूंपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

जुनी रोजकीर्द ज्यांनी हाताळली आहे त्यांस आठवत असेल की, तीत आकडा कधी एकटा उभा नसे. मिती, जमा की नावे ते, असामीचे नाव, त्यापुढे 'बाबत' म्हणून कारण, आणि 'हस्ते' म्हणून ज्याच्या हातून रक्कम आली वा गेली त्याचा उल्लेख. ओळ मोडीत असो की बाळबोधीत, ही अंगे तीत असावयाचीच. १ एप्रिल १९५७ रोजी रुपये-आणे-पै जाऊन नवे पैसे आले, त्यामागोमाग मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले. भाव मणाचा की क्विंटलचा हे ज्याच्या ओळीतच लिहिलेले असे, त्या दुकानदाराने तो संधिकाल निर्वेध पार पाडला. ज्याने नुसते आकडे मांडले, त्यास आपलेच आकडे वाचता येईनात.

आता एक्सेलसारख्या तक्त्याकडे पाहू. या जातीचा पहिला लोकप्रिय तक्ता 'व्हिसिकॅल्क' हा डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी १९७९ साली सिद्ध केला. एक्सेल १९८५ सालचे. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलावेत, ही त्यामागील कल्पना, आणि ती खरोखर अद्भुत आहे. परंतु आकडा बदलला की आधीचा आकडा काय होता व तो कोणी आणि का बदलला, हे तक्ता आपण होऊन समोर मांडत नाही. त्यासाठी एक निराळी सोय आहे. तक्त्याच्या कोणत्याही घरास एक फिकट पिवळी चिठ्ठी चिकटविता येते. घराच्या कोपऱ्यात बारीक तांबडा त्रिकोण दिसू लागतो व त्यावर माऊसचा बाण नेला की चिठ्ठी उघडते. पूर्वी एक्सेल हिला 'कॉमेंट' म्हणे. अलीकडच्या आवृत्त्यांत हिचे नाव 'नोट' झाले आहे. आमच्या दृष्टीने हा जुना शेराच होय.

या चिठ्ठीचा उपयोग आपल्यापैकी पुष्कळ जण करतात. उधारीचे वायदे, लॉरीभाडे, परत यावयाचे बारदान, गोदामातील थप्प्या यांचे तक्ते तिच्यावाचून चालत नाहीत. परंतु संगणकाबरोबर ती जशी येते तशीच आपण वापरतो, आणि आमचा आक्षेप यास आहे. चिठ्ठीच्या माथ्यावर ठळक अक्षरांत एक नाव आपोआप उमटते. ते लिहिणाऱ्याचे असतेच असे नाही. ऑफिसची प्रणाली बसविताना ज्याने जे नाव घातले ते तेथे येते. कोठे 'युजर', कोठे 'अ‍ॅडमिन', तर एके ठिकाणी संगणक विकणाऱ्या दुकानाचे नाव आम्ही पाहिले. तारीख तर उमटतच नाही.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. आमच्या परिचयातील एका पेढीवर थोरले बंधू निवर्तल्यानंतर उधारीचा तक्ता धाकट्यांनी उघडला. चंदगडकडील एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बाकीवर चिठ्ठी होती : 'बोलणे झाले आहे, निम्मे सोडणे.' माथ्यावर नाव 'युजर'. बोलणे कोणी केले, केव्हा केले, पूर्वीच्या बाकीबद्दल की नंतरच्या मालाबद्दल, काही उमगेना. गिऱ्हाईक म्हणे, थोरल्या अण्णांनी मला शब्द दिला होता. पुतणे म्हणत, वडील घरी असे कधी बोलले नाहीत. ज्यांना ठाऊक असावयाचे ते दिवाणजी वर्षापूर्वीच काम सोडून गेलेले. रक्कम मोठी नव्हती. परंतु मृत मनुष्याचा शब्द खरा की खोटा हे ठरविण्याची पाळी त्याच्याच मुलांवर आली, आणि दोन पिढ्यांचे ते गिऱ्हाईक पुढे दुकानाची पायरी चढले नाही. चिठ्ठीवर 'हस्ते अण्णा' आणि एक तारीख, एवढे जरी असते तरी दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक पेढीने ही चिठ्ठी एकदा आपल्या रीतीप्रमाणे बसवून घ्यावी. नावाचे काम सर्वांत सोपे. एक्सेलमध्ये 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'जनरल' येथे 'युजर नेम' म्हणून जागा आहे. तेथे त्या संगणकावर बसणाऱ्याचे नाव घालावे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून प्रवेश केलेला असल्यास तेथेच, खात्याचे काहीही असो, हेच नाव नेहमी वापरावे अशा अर्थाची एक चौकट आहे, तीवर खूण करावी. एकाच संगणकावर मालक, चिरंजीव व दिवाणजी असे तिघे बसत असतील तर मात्र या नावावर विसंबू नये. तेथे पेढीचे नाव ठेवून खाली 'हस्ते' हाताने लिहिणे बरे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माथ्यावरचे नाव हा नुसता मजकूर असतो. मागाहून दुसऱ्याने चिठ्ठी बदलली तरी नाव पहिल्याचेच राहते.

अक्षरांचा प्रश्न आपल्या भागात विशेष आहे. चिठ्ठीतील अक्षर मुळात इंग्रजीच्या बेताने नऊ मापाचे असते. त्या मापात इंग्रजी सुखाने वाचता येते. देवनागरीचे रफार, वेलांट्या व जोडाक्षरे मात्र एकमेकांत मिसळतात, आणि कन्नडची अक्षरे तर मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. साठी उलटलेल्या आमच्यासारख्यांस चष्म्यावर चष्मा लावावा लागतो. बारा मापाचे अक्षर आणि थोडी रुंद चौकट असावी. विंडोजबरोबर येणारा 'निर्मला यूआय' हा टंक देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्या वागवितो, तो पसंत करावा.

हे माप कायमचे कसे ठरवावयाचे, येथे मात्र एक्सेल हात आखडते. चिठ्ठीचे नेहमीचे अक्षर व आकार बदलण्यासाठी त्यात सरळ असे बटणच नाही. विंडोज ७ पर्यंत पडद्याच्या मांडणीत 'टूलटिप' या सदराखाली अक्षर बदलले की चिठ्ठीचेही बदलत असे. पुढे ती वाट बंद झाली. इतका मोठा कारखाना, आणि एवढी लहान सोय त्यास सुचू नये याचे आम्हांस नवल वाटते. लिबरऑफिस ही फुकट मिळणारी प्रणाली या बाबतीत पुढे गेली. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत चिठ्ठीची स्वतंत्र शैली आहे, ती एकदा बदलली की पुढची प्रत्येक नवी चिठ्ठी त्याच अक्षरांत व त्याच रंगात येते. एक्सेल वापरणाऱ्यांस दोन मार्ग उरतात. कोऱ्या नमुना-तक्त्यात एक चिठ्ठी मनासारखी तयार करून ठेवावी, तीत 'हस्ते', 'मिती', 'बाबत' असे तीन शब्द आधीच लिहावेत, आणि हवे तेथे 'पेस्ट स्पेशल'मधून केवळ चिठ्ठीच डकवावी. किंवा शिकलेल्या पोराकडून एक लहानसा मॅक्रो लिहून घ्यावा, म्हणजे कळ दाबताच नाव व त्या दिवसाची तारीख घेऊन चिठ्ठी उघडेल. मॅक्रो आपल्या घरच्याने लिहिलेला असावा. परक्याकडून आलेला चालवू नये. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवून ठेवले आहेत ते उगीच नव्हे.

नव्या आवृत्त्यांत 'कॉमेंट' या नावाने आता निराळीच वस्तू मिळते. तीत नाव व वेळ आपोआप पडते, खाली उत्तर-प्रत्युत्तर लिहिता येते. तरुण मंडळींस ती आवडते. परंतु तिचा आकार-रंग आपणांस ठरविता येत नाही, आणि सारी पेढी एकाच खात्यातून काम करीत असेल तर दिवाणजींचा शेराही मालकाच्या नावावर चढतो. ज्यांच्याकडे प्रत्येकाचे खाते वेगळे आहे त्यांनी ती खुशाल वापरावी. इतरांस जुनी चिठ्ठीच बरी.

रंगाविषयी चिरंजीवांचा उत्साह मोठा असतो. वायद्यास हिरवा, भाड्यास निळा, बारदानास गुलाबी. आम्हांस हा होळीचा खेळ वाटतो. बोलणी अपुरी असलेल्या बाबीस एक वेगळा रंग द्यावा, बाकी पिवळा आहे तो काय वाईट आहे?

काही सभासद म्हणतील, 'टॅली'त प्रत्येक व्हाउचरखाली 'नॅरेशन' लिहिता येते, मग तक्त्यातील चिठ्ठीची चिंता कशास? टॅली हे बेंगळुरूचे अपत्य, १९८६ पासूनचे, आणि त्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु टॅलीत जाते ते पुरे झालेले. भाव ठरताना, वायदा मागताना, माल नापसंत पडताना जे घडते ते तक्त्यातच राहते. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोंपर्यंतच्या बांधीव व छापील पिशवीतील धान्यावर पाच टक्के जीएसटी बसला. त्या सुमाराचे दरतक्ते आज उघडून पाहावेत. एकाच तांदळाचे दोन दर दिसतील, आणि कोणता पिशवीचा व कोणता पोत्याचा हे जेथे चिठ्ठी आहे तेथेच कळेल.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. जीएसटीच्या छप्पन्नाव्या नियमाचा आठवा पोटनियम असा आहे की, हिशेबातील नोंद खोडून वा पुसून टाकू नये, आणि हिशेब संगणकावर असल्यास बदललेल्या वा काढलेल्या प्रत्येक नोंदीची माहिती ठेवावी. कंपन्यांस तर १ एप्रिल २०२३ पासून असा माग आपोआप ठेवणारी हिशेबप्रणालीच वापरावी लागते. आपण बहुतेक भागीदारी वा एकट्याच्या मालकीचे, म्हणून त्यातून सुटलो. पिवळी चिठ्ठी हा असा माग नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती कोणीही काढू शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे अठ्ठाविसावे कलम, नियमित ठेवलेल्या वह्यांतील नोंदी, संगणकावरील धरून, ग्राह्य मानते. परंतु केवळ त्यांच्या जोरावर कोणावर देणे लादता येत नाही. वहीचीच जेथे ही कथा, तेथे निनावी, बिनतारखेच्या चिठ्ठीस कोण विचारतो?

छपाईकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तक्ता छापला की चिठ्ठ्या त्याबरोबर उमटत नाहीत. 'पेज सेटअप'मधील 'शीट' या भागात चिठ्ठ्या पानाच्या अखेरीस छापाव्यात असे निवडावे लागते. वर्षअखेरीस उधारीच्या तक्त्याची अशी एक छापील प्रत काढून जुन्या वह्यांशेजारी ठेवण्याचा प्रघात आम्ही पाडला आहे. तसेच दुसऱ्या प्रणालीत नेण्यासाठी तक्ता 'सीएसव्ही' स्वरूपात जतन केला की सर्व चिठ्ठ्या नाहीशा होतात, म्हणून मूळ फाइल मोडू नये.

संघाने दिवाळीपूर्वी एखाद्या सायंकाळी सभासदांच्या मुलांस व दिवाणजींस बोलावून हे सर्व प्रत्यक्ष दाखवावे, आणि तयार नमुना-तक्ता प्रत्येकास द्यावा. नमुन्यातील 'हस्ते', 'मिती', 'बाबत' हे शब्द मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत असावेत. कारण आपल्या बऱ्याच दुकानांत चिठ्ठी लिहिणारा एका भाषेचा असतो आणि वाचणारा दुसऱ्या.