छंद ही कुणाची मक्तेदारी नव्हे

सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावात संगणक म्हटले की एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आठवते. २००१ साली सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील मुलांना संगणक हाताळायला शिकवले, हे आम्हाला मान्यच आहे. पण प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडले की शिकणे संपते. छंदाचे तसे नसते.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिनक्स लिहायला घेतले. आज आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्याशी तेच लिनक्स आहे. मात्र त्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक होता, विद्यापीठ होते, मोकळा वेळ होता. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या मायबापाच्या मुलाला यातले काय मिळते?

वकील म्हणून आम्हाला लिनक्सच्या परवान्याचे महत्त्व अधिक वाटते. १९९२ पासून ते जीपीएल या परवान्याखाली आहे. वापरा, आतली रचना वाचा, बदला, इतरांना द्या. अट एवढीच की, पुढच्यालाही हेच हक्क द्यावे लागतात. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर वाचण्याचीही बंदी होती, त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. कचेऱ्यांतून मोडीत निघालेल्या जुन्या संगणकावरही हलके लिनक्स चालते, आणि ते फुकट मिळते. गावच्या विहारात असा एक संगणक ठेवा. परीक्षा नको, फी नको. मुलांना तो उघडू द्या, बिघडवू द्या, पुन्हा जुळवू द्या. नुसते वापरणारे आपल्यात पुष्कळ झाले. आता घडवणारे हवेत.