मुलाच्या हातावरची गाठ

लहान मूल सहसा क्षय पसरवत नाही; त्याला तो मोठ्या माणसाच्या खोकल्यातून मिळतो. म्हणूनच मुलांमधला संसर्ग मोजला की मोठ्यांचा किती क्षय उपचारांविना राहिला, याचा अंदाज येतो. मुलाच्या हातावर ट्युबरक्युलिनचे इंजेक्शन देतात, तीन दिवसांनी उठलेली गाठ मोजतात आणि त्यावरून वर्षाला किती मुलांना नव्याने संसर्ग होतो याचा हिशेब मांडतात.

२००० ते २००३ या काळातल्या देशव्यापी पाहणीत हे प्रमाण हजारी सुमारे पंधरा होते. २००९-१० च्या पाहणीत ते सुमारे दहावर आले. मधल्या काळात, २००६ पर्यंत, सुधारित क्षयरोग कार्यक्रम देशभर पोचला होता. घट झाली, याचा आनंदच आहे. पण सरासरीत बरेच काही झाकले जाते. पहिल्या पाहणीत उत्तर भारतातले प्रमाण दक्षिणेच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि खेड्यांपेक्षा शहरांत जास्त.

या आकड्यांमागे कोण आहे? वस्तीत काम करताना एक बाई भेटली. चार महिने खोकत होती. आधी घरच्यांचे, मग कामाचे, मग स्वतःचे, असा तिचा क्रम. रोगाचे नाव कळताच सासरच्यांनी तिला माहेरी धाडले, कडेवरच्या दोन वर्षांच्या मुलीसकट. बाईला गोळ्या सुरू झाल्या. मुलीची चौकशी कोणीच केली नाही. उलट ‘आईनेच पोरीला रोग लावला’ हे ऐकवायला सगळे पुढे.

मैत्रिणींनो, संसर्ग म्हणजे आजार नव्हे. पण पाच वर्षांखालच्या मुलात संसर्गाचा आजार व्हायला वेळ लागत नाही. म्हणून घरात क्षयाचा रुग्ण सापडला की मुलांची तपासणी व्हावी, आणि आजार नसेल तर प्रतिबंधक औषध मिळावे, असे सरकारी कार्यक्रमातच लिहिले आहे. पोषणाचेही तसेच. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना शिधा दिला तेव्हा त्यांच्यातले क्षयाचे नवे रुग्ण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले.

तेव्हा बैठकीत विचारू या: आपल्या गल्लीत कोणती बाई दोन आठवड्यांहून जास्त खोकते आहे? तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार? तिच्या मुलांना कोणी तपासले का? आणि सरकारला सांगू या, की मुलांची अशी पाहणी ठरावीक वर्षांनी होत राहावी आणि तिचे आकडे आमच्या वस्तीपर्यंत यावेत. मुलाच्या हातावरची गाठ आईच्या गुन्ह्याचा पुरावा नाही. तिच्या खोकल्याकडे आपण सगळ्यांनी केलेल्या दुर्लक्षाची ती खूण आहे.