ओझे वाहणाऱ्याचे गाणे

न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड थिएटरात २७ डिसेंबर १९२७ रोजी ‘शो बोट’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्या प्रयोगाची शंभरी आता जवळ आली आहे. अमेरिकी संगीत रंगभूमीचा इतिहास सांगताना ‘शो बोट’च्या आधीचा काळ आणि नंतरचा काळ अशी वाटणी केली जाते, ती रास्तच आहे. आम्हाला मात्र आज आठवण करून द्यायची आहे ती या नाटकातल्या एका गाण्याची, आणि ते गाणे कर्त्यांच्या हातून सोडवून घेणाऱ्या एका गायकाची.

तोवर ब्रॉडवेवर कथानक ही गाणी आणि नाच टांगण्यापुरती खुंटी असे. निर्माते फ्लोरेंझ झीगफेल्ड यांची ख्यातीच मुळी झगमगत्या पोशाखांतल्या नर्तिकांच्या ‘फॉलीज’साठी होती. अशा माणसाकडे संगीतकार जेरोम कर्न आणि गीतकार ऑस्कर हॅमरस्टीन एडना फर्बर यांची १९२६ची कादंबरी घेऊन गेले. मिसिसिपी नदीवर गावोगाव फिरणारी नाटकाची नौका, जुगारी नवऱ्याने टाकलेली नायिका, दारूत बुडत गेलेली नटी, आणि या सगळ्याच्या तळाशी वर्णभेद, अशी तिची कथा. हिचे संगीत नाटक होऊ शकेल यावर खुद्द फर्बरबाईंचाही आधी विश्वास बसला नव्हता.

गाण्याने नाटकात नेमके काय करायचे, याचा धडा पहिल्या अंकातच मिळतो. ज्युली ही नौकेवरची मुख्य नटी सहज एक गाणे म्हणू लागते आणि क्वीनी ही कृष्णवर्णीय स्वयंपाकीण चमकते. हे तर आमच्याच लोकांतले गाणे, ज्युलीबाईंना ते कुठून ठाऊक? ज्युली क्षणभर गडबडते, मग पूर्ण गाणे म्हणते आणि सगळे तालात नाचू लागतात. पुढे शेरीफ येतो. ज्युलीच्या अंगात कृष्णवर्णीयांचे रक्त आहे, नवरा गोरा आहे, आणि मिसिसिपी राज्यात असा विवाह गुन्हा आहे. नवरा चाकूने तिचे बोट कापून रक्त गिळतो आणि आपल्याही अंगात ते रक्त असल्याचे सांगतो. हा प्रसंग अंगावर येतो, पण त्याची वर्दी गाण्याने आधीच दिलेली असते. असे विवाह गुन्हा ठरवणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले ते १९६७ साली, म्हणजे या नाटकानंतर चाळीस वर्षांनी.

आणि मग ‘ओल मॅन रिव्हर’. कथा चाळीस वर्षांची, गावे बदलतात, माणसे पांगतात. सगळ्याला बांधून ठेवणारे काहीतरी हॅमरस्टीन यांना हवे होते. कादंबरीत ते काम नदी करते. म्हणून त्यांनी धक्क्यावर कापसाच्या गासड्या उचलणाऱ्या जो या हमालाच्या तोंडी नदीचे गाणे घातले. कर्न यांची चाल तर विलक्षणच आहे. नाटकाच्या आरंभी नौका धक्क्याला लागते तेव्हाच्या उत्साही समूहगीतातले सूर त्यांनी उलटे फिरवले, लय संथ केली आणि त्यातून हे गाणे उभे केले. गावाचा जल्लोष आणि हमालाचे दुःख एकाच सुरावटीतून निघतात. मुख्य ओळी बहुतांशी पाच स्वरांत फिरतात, त्यामुळे आपल्या कानाला त्यात भूपाची जवळीक वाटते. कष्टांचे वर्णन येते तिथे चाल अंधारते, आणि अखेरीस खर्जात सुरू झालेला आवाज दीड सप्तकाहून अधिक चढून जातो. कर्न यांनी हे गाणे पियानोवर ऐकवले तेव्हा आपले केस उभे राहिले, डोळे भरून आले, असे फर्बर यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

नाटकात हे गाणे पुन्हा पुन्हा येते. नायिकेचे लग्न होते, मोडते, तिची मुलगी मोठी होऊन रंगमंचावर नाव कमावते. जो मात्र तिथेच असतो, तेच गातो. काहींना हा नाटकाचा दोष वाटतो. आम्हाला त्यात त्या काळाची साक्ष दिसते.

पण दोष होतेच आणि ते झाकू नयेत. अनेकांना अस्सल लोकगीत वाटलेले हे गाणे न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या दोन गोऱ्या गृहस्थांनी रचले होते. क्वीनीची भूमिका पहिल्या संचात एका गोऱ्या नटीने तोंडाला काळे फासून केली. नाटकाच्या आरंभीच्या समूहगानातला पहिलाच शब्द कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी होता. १९३६च्या चित्रपटात आणि १९४६च्या पुनरुज्जीवनात तो टप्प्याटप्प्याने सौम्य झाला. हॅमरस्टीन यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. पुढे ‘साउथ पॅसिफिक’ या संगीत नाटकात, वंशद्वेष जन्मतः नसतो, तो मुलांना शिकवावा लागतो, असे गाणे लिहिण्याचे धैर्य त्यांनीच दाखवले. तरीही जोच्या तोंडचे शब्द सोसणाऱ्याचे होते. नदी सगळे जाणते, बोलत नाही, वाहत राहते. माणूस थकतो, मरणालाही भितो. दुःख खरे, पण त्यावर उत्तर नाही.

ते उत्तर गायक पॉल रोबसन यांनी दिले. जोची भूमिका मुळात त्यांच्यासाठीच योजली होती, पण निर्मिती लांबली आणि ब्रॉडवेवर ती ज्यूल्स ब्लेडसो यांनी केली. रोबसन १९२८ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जो झाले, १९३२ साली ब्रॉडवेवर, १९३६ साली पडद्यावर. त्यांचे वडील गुलामीत जन्मले होते आणि पंधराव्या वर्षी मळ्यावरून पळून सुटले होते. स्पेनच्या यादवी युद्धाच्या दिवसांत प्रजासत्ताकाच्या बाजूने गात फिरताना रोबसन यांनी या गाण्याचे शब्द बदलले. थकव्याच्या आणि भीतीच्या जागी मरेपर्यंत लढत राहण्याचा निर्धार आला. हॅमरस्टीन यांना हा बदल रुचला नाही. रोबसन यांनी तो मागे घेतला नाही. कर्न यांचा एकही सूर त्यासाठी हलवावा लागला नाही, आणि त्या चढत्या अखेरीला हे नवे शब्दच अधिक शोभतात, असे आमचे ठाम मत आहे.

या माणसाचे पारपत्र अमेरिकी सरकारने १९५० साली काढून घेतले ते १९५८ सालापर्यंत परत दिले नाही. त्याच वर्षी भारतात त्यांचा साठावा वाढदिवस जाहीरपणे साजरा झाला. त्यासाठी नेमलेल्या अखिल भारतीय समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला, पंडित नेहरूंनी गौरवाचा संदेश दिला. अमेरिकी राजनैतिक अधिकारी अस्वस्थ झाले, तरी सोहळा थांबला नाही. त्याच्या काही वर्षे आधी, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, भूपेन हजारिका रोबसन यांच्या सहवासात आले होते. ‘ओल मॅन रिव्हर’वरून त्यांना असमियात ब्रह्मपुत्रेच्या काठचे गाणे सुचले. हिंदीत पंडित नरेंद्र शर्मा यांच्या शब्दांनी ते गंगेचे झाले आणि मराठी घरांतही पोहोचले. मिसिसिपीच्या काठचा हमाल नदीकडे पाहून हताश होतो. हजारिका नदीला थेट जाब विचारतात, इतकी माणसे हाल सोसत असताना तू गप्प का वाहतेस म्हणून. रोबसन यांनी शब्द बदलले नसते तर हा प्रश्न इतक्या धीटपणे आला असता असे आम्हाला वाटत नाही.

कर्न यांना यातले फारसे पाहता आले नाही. ‘शो बोट’च्या नव्या प्रयोगांच्या तयारीसाठी ते नोव्हेंबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कला आले, रस्त्यातच कोसळले आणि काही दिवसांत गेले. त्यांनी रचलेले शेवटचे गाणे त्याच प्रयोगांसाठी होते.

अमेरिकेत १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या रचना १ जानेवारी २०२३ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाल्या आहेत. ‘ओल मॅन रिव्हर’ही त्यांत आहे. रोबसन यांनी नाराजी पत्करून जे केले, ते आता त्या देशात कोणीही विनापरवाना करू शकतो. शंभराव्या वर्षी ज्या नाट्यसंस्था हे नाटक उभे करतील त्यांनी मूळ संहिता जशीच्या तशी छापावी, त्या शिवीसकट, कारण त्या काळाने काय चालवून घेतले हे वाचकाला कळायला हवे. प्रयोगात मात्र जो साकारणाऱ्या गायकालाच विचारावे की कोणते शब्द गाणार, आणि त्याचा निर्णय दिग्दर्शकाच्या निर्णयाहून वरचा मानावा.