माळ, चंची आणि निश्चय

आषाढी वारीच्या वाटेवर एक दृश्य दरवर्षी पाहावयास मिळते. दिंडी विसाव्याला थांबते, टाळ खाली ठेवले जातात, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेले एखादे वृद्ध गृहस्थ कनवटीची चंची सोडून तळहातावर तंबाखू मळू लागतात. याच गृहस्थांपुढे कोणी दारूचा पेला धरला, तर ते त्यास आपला अपमान समजतील. तरुणपणी ते पीत नसतीलच असे नाही. ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून माळ घातली त्या दिवशी दारू सुटली, मांसाहार सुटला, एकादशी सुरू झाली. तंबाखू मात्र राहिली.

माणूस तोच, मनोनिग्रहही तोच. मग एक व्यसन एका दिवसात जावे आणि दुसरे जन्मभर सोबत राहावे, हे कसे? निकोटिनची पकड घट्ट असते हे मान्य. परंतु दारूचीही काही सैल नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर शरीरापेक्षा ‘माळकरी’ या शब्दाच्या अर्थात शोधावे लागेल. माळकरी पीत नाही, ही गोष्ट त्या शब्दातच अंतर्भूत आहे. तंबाखूविषयी तो शब्द रूढीने मौन पाळतो. (काही कीर्तनकार तंबाखूवरही कोरडे ओढतात; श्रोते माना डोलावतात आणि चंची पुढे सरकते.) सारांश, निश्चय टिकला तो जेथे तो माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचा भाग झाला तेथे. ‘मी दारू सोडण्याचा प्रयत्न करीत आहे’ म्हणणाऱ्यास रोज संध्याकाळी नव्याने लढावे लागते. ‘मी माळकरी आहे’ म्हणणाऱ्याची ती लढाई पुष्कळ अंशी आधीच संपलेली असते. शिवाय ती माळ साऱ्या गावाला दिसते. गुत्त्याच्या पायरीवर त्याला हटकणारे दहाजण निघतात.

आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांना हे उशिरा उमगले. किंमत वाढली की मागणी घटते, माहिती मिळाली की माणूस आपले हित ओळखतो, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते खोटे नाही. करवाढीने तंबाखूचा खप घटतो. परंतु थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७० व ८०च्या दशकांत दाखवून दिले की, एकाच देहात जणू दोन माणसे नांदतात. एकास निरोगी फुफ्फुसे हवी असतात, दुसऱ्यास सिगारेट. पहिल्याने दुसऱ्याचे हात आधीच बांधून ठेवले, तरच त्याचा निभाव लागतो. शेलिंग यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः संघर्ष व सहकार्य यांच्या विश्लेषणासाठी; परंतु माणसाचा स्वतःशी चाललेला संघर्षही त्यांनी त्याच नजरेने पाहिला.

फिलिपिन्समधील मिंडानाओ बेटावर या विचाराची परीक्षा झाली. एका बँकेने धूम्रपान करणाऱ्यांना खाते उघडण्यास सांगितले. सहा महिने त्यात स्वतःचे पैसे साठवावयाचे, मग मूत्रचाचणी. निकोटिन आढळल्यास सारी रक्कम दानधर्मात जावयाची. २०१० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, ज्यांना हा करार देऊ केला त्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांनीच तो पत्करला. तरीही करार देऊ केलेल्या संपूर्ण गटात सिगारेट सुटलेल्यांचे प्रमाण इतरांहून शेकडा तीनने अधिक भरले, आणि वर्षानंतर, पैशांचे बंधन संपल्यावरही, तो फरक टिकून राहिला. यश खरे, पण माफक. उरलेल्या ८९ टक्क्यांनी करारच का नाकारला, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. बँकेने बेडी देऊ केली, नवे नाव दिले नाही.

नाव देणाऱ्या संस्थाही आहेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत माणूस स्वतःची ओळखच ‘मी अल्कोहोलिक आहे’ अशी करून देतो, आणि समदुःखी मंडळींसमोर ‘फक्त आजचा दिवस’ एवढीच जबाबदारी घेतो. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली उभ्या केलेल्या मुक्तांगणातही सोबत्यांच्या आधाराला मोठे स्थान आहे. येथे माळेपेक्षा एक गोष्ट अधिक आहे. घसरलेल्यास परत येण्याची वाट ठेवलेली असते. माळ घातलेला माणूस प्यायला, तर तो बहुधा माळ खुंटीला अडकवून गावाची नजर चुकवू लागतो. ओळख जितकी उंच, तितके तिच्यावरून पडणे कठीण. आणि ‘मी असाच’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की तीही एक ओळखच होऊन बसते.

आपल्या तंबाखूविरोधी प्रचाराने या बाबीकडे पाहिलेलेच नाही. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा व भीषण चित्र छापले जाते. त्याच सुमारास, २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत २८.६ टक्के प्रौढ भारतीय तंबाखू सेवन करताना आढळले. त्यांतील बहुसंख्यांची तंबाखू धूरविरहित. खेड्यातील जी बाई सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री लावते, तिच्या लेखी ती तंबाखू खातच नाही. ती दात घासते. पाकिटावरचे चित्र नवऱ्यासाठी आहे, असे तिला मनापासून वाटते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड घरीच होते. तिला पाकीट नाही आणि इशाराही नाही.

अर्थात निश्चयाचे हे गुणगान सरकारला पळवाट म्हणून वापरता येऊ नये. हमाल किंवा ऊसतोड मजूर भूक व थकवा मारण्यासाठी तंबाखूचा बार भरतो, तेव्हा त्याच्या निर्धारावर प्रवचन देणे हा क्रूरपणा आहे. त्याला आधी वेळेवर जेवण हवे. दुकानदाराने कायद्याला बगल देऊन दोन पुड्या वेगवेगळ्या विकाव्यात आणि ग्राहकाने मात्र संयम पाळावा, ही विभागणीही न्याय्य नव्हे.

परंतु काही गोष्टी आजही, फारशा खर्चाविना करता येतील. पाहणी करणाऱ्या आशा कार्यकर्तीने ‘तंबाखू खाता का?’ एवढ्यावर न थांबता ‘मिश्री लावता का?’ असे विचारावे. आणि पालखीमार्गावर आरोग्य खात्याची जी पथके वारकऱ्यांच्या पायांना मलम लावतात, त्यांनी फडकऱ्यांशी एकदा बसून बोलावे. माळेच्या नियमांत चंचीचा समावेश करण्याचा अधिकार सरकारला नाही, फडांना आहे. पुढच्या वर्षी एका जरी दिंडीने तो वापरला, तर वाखरीच्या तळावर पोचेपर्यंत किती चंच्या रिकाम्या झाल्या, हे मोजावयास मी माझे विद्यार्थी घेऊन जाईन.