वाळूची शिल्लक मोडू नका

पाणी-माती : साप्ताहिक स्तंभ

आपल्या खानापूर तालुक्यातल्या डोंगरात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. नद्यांनी आणलेली गाळ-रेती किनाऱ्याच्या पोटात जाते, म्हणून पुळण का झिजते हा प्रश्न याच तालुक्यातल्या नंदगडकरांनाही परका नाही. पावसाळी उधाणाच्या भरतीला लाटा पुळण ओलांडून वाळूच्या टेकाडाचा पायथा पोखरतात. आधार गेला की वरची वाळू आपल्याच भाराने कोसळते. कोसळलेला ढीग काही काळ पायथ्याची ढाल होतो. मग पुढच्या लाटा तोही ओढून नेतात. ही वाळू बरीचशी किनाऱ्यासमोर उथळ पाण्यात बांधासारखी साचते आणि मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात. समुद्र शांत झाला की सौम्य लाटा ती परत आणतात, वारा मागे नेतो, मर्यादावेल धरून ठेवते. टेकाड म्हणजे किनाऱ्याची अडीअडचणीची शिल्लक. ती सपाट करून इमारती उभारल्या, की उधाणाला द्यायला किनाऱ्यापाशी काही उरत नाही.

समुद्र दर पावसाळ्यात वाळू नेतो आणि परत देतो, मग चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाळूची वाट मोकळी असेल तरच हा हिशेब जुळतो. जून २००० मध्ये कांदोळीसमोर ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज रुतले आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिले. त्याच्या आडोशाला वाळू साचली, शेजारची पुळण मात्र झिजली. एका जहाजाने एवढे होते, तर नदीतला रेतीउपसा आणि वाळू अडवणारी धरणे काय करतील, हे ओळखणे अवघड नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : किनाऱ्यावरच्या माणसांची घरे वाहून जाऊ द्यायची का? मुळीच नाही. जुनी वस्ती वाचवायला दगडी धूपप्रतिबंधक बंधारा काही ठिकाणी लागेलच. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट तिच्याच पायाची वाळू उकरते आणि भिंत जिथे संपते तिथे धूप वाढते. म्हणजे एकाचे संरक्षण शेजाऱ्याच्या माथी पडते. म्हणून बंधारा हा शेवटचा उपाय असावा. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने वाळूची टेकाडे सर्वाधिक संरक्षित वर्गात ठेवली आहेत. नव्या बांधकामांनी त्यांच्या मागेच थांबावे, ही मागणी किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्याच हिताची आहे. आणि उगमाकडच्या आपण नदीतली रेती बेसुमार उपसू नये, कारण आज इथून गेलेली रेती उद्या तिथल्या पायथ्याला कमी पडते.