सशाचा चारा परसातला

पशुपालन म्हटले की आपल्याकडे प्रथम पशुखाद्याच्या पोत्याचा विचार होतो. ससेपालनही त्याला अपवाद नाही. या धंद्यात खर्चाचा मोठा वाटा खाद्याचा असतो. आणि ज्या जोडधंद्याचे खाद्य परराज्यातून ट्रकाने येते, त्याचा नफाही बहुधा त्याच ट्रकाने परत जातो.

वास्तविक गोमंतकाच्या परसात आणि कुळागरात सशाला पुरेल असा चारा पुष्कळ आहे. शेवग्याचा पाला, रताळ्याचे वेल, तुतीची व जास्वंदीची पाने, बांधावरचे गवत हे सारे तो आवडीने खातो. शेवगा व तुती यांच्या पाल्यात प्रथिनेही चांगली असतात. ससा गाईप्रमाणे रवंथ करीत नाही; परंतु त्याच्या मोठ्या आतड्याच्या मुखाशी असलेल्या पिशवीत पाल्याचा अंश आंबतो, आणि तेथे बनलेल्या मऊ लेंड्या पुन्हा खाऊन तो त्यातील सत्त्व मिळवतो. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. तेही चोथाळ चाऱ्यानेच झिजतात.

म्हणूनच फळांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. काजूच्या हंगामात बोंडांचा सडा पडतो, पाठोपाठ फणस पिकतात. ते पिंजऱ्यात लोटण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण एवढी साखर एकदम पोटात गेली की पचन बिघडते, हगवण लागते आणि पिले दगावतात. पपईची वा केळ्याची लहानशी फोड पुरे.

पाल्यालाही मर्यादा आहेत. ताज्या पाल्यात साधारण ८० टक्के पाणी असते. म्हणजे १ किलो पाल्यातून सुका अंश मिळतो तो जेमतेम २०० ग्रॅम. वाढत्या पिलांचे आणि दूध पाजणाऱ्या मादीचे तेवढ्यावर भागत नाही. त्यांना सुके गवत व थोडे पौष्टिक खाद्य द्यावेच लागते. पावसात भिजलेला पाला पसरून, सुकवूनच घालावा.

खरा धोका अज्ञानाचा आहे. आपल्या अंगणात देवपूजेसाठी जास्वंद आणि कण्हेर शेजारी शेजारी लावलेल्या असतात. एकीचा पाला सशाचे अन्न, तर दुसरीचा जहाल विष. घाणेरीही विषारीच. सुबाभूळ पौष्टिक खरी, पण तिच्यातील मिमोसीन या द्रव्यामुळे सशाचे केस गळतात. ती बेताने द्यावी. चारा आणायला पुष्कळदा घरातील मुलांनाच पाठविले जाते, हे विसरता कामा नये.

तेव्हा ससेपालनाच्या योजना आखण्यापूर्वी पशुसंवर्धन खात्याने एक साधे काम करावे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचे साह्य घेऊन कोणता पाला द्यावा, कोणता देऊ नये याचा सचित्र तक्ता मराठीत व कोकणीत छापावा आणि प्रत्येक पंचायतीत लावावा. जोडधंदा म्हणून ससे आणणाऱ्या कुटुंबाचे भांडवल तुटपुंजे असते. पाल्याच्या एका चुकीच्या भाऱ्यापायी ते बुडू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.