माणुसकीचे वय

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात कामगारांच्या प्रश्नाची चर्चा निघाली की मालकवर्गाकडून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : स्पर्धा हा निसर्गनियम आहे, बलवान टिकतो, दुर्बळ गळतो, मग कारखानदारीच त्याला अपवाद का असावी? डार्विनच्या नावावर खपवला जाणारा हा विचार मानवी उत्क्रांतीच्या पुराव्याला सोडून आहे.

माणूस ताठ उभा राहिला, त्याचे हात मोकळे झाले, हातांनी श्रम केले आणि श्रमाबरोबर भाषा व मेंदू वाढले, असे एंगेल्सने 1876 मध्ये मांडले. कमावलेले गुण वारशाने उतरतात ही त्याची समजूत पुढे टिकली नाही. क्रम मात्र बरोबर ठरला. इथिओपियात 1974 मध्ये सापडलेली ‘ल्युसी’ सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती, पण तिच्या जातीचा मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम एक तृतीयांश होता. आपल्याकडेही जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथे, ज्वालामुखीच्या राखेच्या थराजवळ दगडी हत्यारे मिळाली आहेत. त्यांच्या वयाबद्दल संशोधकांत वाद आहे. या परिसरातील हस्तकौशल्य कारखान्यांनी आणलेले नाही, याबद्दल वाद नाही.

परंतु हत्यार एवढीच माणसाची खूण नव्हे; चिंपांझीही दगडाने कठीण कवचाची फळे फोडतो. इराकमधील शानिदार गुहेत 1957 मध्ये एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा सापडला. त्याचा उजवा हात कोपराजवळ तुटलेला, एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली, पाय अधू. या जखमा भरून आल्यावरही तो अनेक वर्षे जगला. टोळीच्या आधारावाचून हे शक्य नव्हते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. निअँडरथल हे आपले चुलत भावंड. तेव्हा जायबंदी सोबत्याला सांभाळण्याची रीत आपल्या संस्कृतीहून, धर्मांहून, राज्यसंस्थेहून कितीतरी जुनी आहे.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहावे. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे जाण्याचे प्रकार घडतात. यंत्राचे धोक्याचे भाग झाकण्याचे बंधन 1948 च्या कारखाना कायद्यानेच घातले होते. तरीही गार्ड काढला जातो, कारण त्याविना तासाला नग अधिक निघतात. यामागील हिशोब साधा आहे. वाढीव नगांचा नफा मालकाच्या वहीत पडतो. तुटलेल्या बोटाचा खर्च कामगाराच्या घरात. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर धड नसले तर नुकसानभरपाईही हुकते आणि तो मुकाट्याने गावी परततो. ज्या अवयवाने माणसाला माणूस केले, तोच येथे सर्वांत स्वस्त झाला आहे.

याला निसर्गनियम म्हणणे ही लबाडी आहे. ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे आणि माणसांनाच ती बदलता येते. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या प्रत्येक गेटसभेत मांडाव्यात : प्रत्येक प्रेसला चालू स्थितीतला गार्ड, कामाच्या पहिल्या दिवसापासून कंत्राटी कामगाराची ईएसआय नोंदणी, आणि जायबंदी कामगाराला त्याच कारखान्यात झेपेल असे काम. तिसरी मागणी ऐकून कोणी हसले, तर त्याला शानिदारच्या गुहेची आठवण द्यावी. त्या टोळीजवळ ना कायदा होता, ना नफा. तरी तिने आपला माणूस टाकला नाही.